पोरगं घोरतं, पण हृदय का तपासायचं? रात्रीच्या व्हिडिओपासून टू-डी इकोपर्यंतचा बरोबर क्रम

"याचा बापही असाच घोरते, डॉक्टर. घराण्यातच हाय." शाळा तपासणीच्या गाडीतून गावोगाव फिरताना हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. ज्यांना शंका येते, तेही बहुतेकदा भलत्याच टोकाने सुरुवात करतात. कोणी उसनवारी करून शहरात जातो, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढतो आणि 'हृदय नॉर्मल' असा कागद घेऊन परत येतो. पोरगं त्या रात्रीही तसंच गुदमरत झोपतं. कोणी टॉन्सिल काढायची तारीख घेऊन मोकळा होतो, पण भूल देणाऱ्याला लेकराच्या रात्रीच्या श्वासाबद्दल काहीच माहीत नसतं. कोणी दोन-दोन वर्षं सर्दीच्या बाटल्या बदलत बसतो. कामं तीच असतात, क्रम उलटा होतो.

हा लेख साधारण २ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. नाकाच्या मागची ॲडेनॉइडची गाठ आणि घशातले टॉन्सिल या वयात श्वासाच्या वाटेच्या मानाने सर्वात मोठे असतात, आणि रात्रीचा त्रासही याच वयात जास्त दिसतो.

आधी एवढं समजून घ्या

लेकरू झोपलं की घशाचे स्नायू सैल पडतात. वाट आधीच अरुंद असेल तर ती मिटते. छाती ओढ घेत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑक्सिजन उतरला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. हृदयाचा उजवा कप्पा याच वाहिन्यांमध्ये रक्त ढकलतो. ओलिताच्या मोटारीपुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ती रात्रभर चालवली तर काय होईल, तसं ते आहे. रोज रात्री, महिनोन्‌महिने असं झालं तर फुप्फुसातला रक्तदाब वाढतो, उजवा कप्पा जाड होतो, फुगतो आणि शेवटी थकतो.

प्रत्येक घोरणाऱ्या मुलाचं असं होत नाही. हृदय निकामी होण्यापर्यंत गोष्ट जाणं विरळच. पण त्याआधीचा ताण बाहेरून दिसत नाही, आणि अडथळा वेळेत काढला तर तो बहुतेक मुलांत उतरतो. म्हणून घाई करायची ती निदानाची.

एक गोंधळ इथेच मिटवू

'टॉन्सिलने हृदय खराब होते' हे गावात सगळ्यांना माहीत असतं, पण ती गोष्ट वेगळ्या आजाराची आहे. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग झाल्यावर काही आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपा बिघडतात. तो संधिवाताचा ताप. त्यात बहुधा डाव्या बाजूच्या झडपा जातात आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं ठरावीक दिवसांनी वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. आपला विषय श्वासाच्या अडथळ्याचा आहे. त्यात ताण उजव्या बाजूवर येतो, आणि घसा कधीच दुखला नसला तरी तो येऊ शकतो.

> सावधान: मुलाला संधिवाताच्या तापासाठी इंजेक्शनं सुरू असतील, तर टॉन्सिल काढले म्हणून ती बंद करू नका.

## टप्पा १ : तीन रात्री नुसतं बघा

सर्दी-ताप नसलेल्या तीन रात्री निवडा. भरलेल्या नाकाने कोणीही घोरतं आणि त्यावरून काही ठरत नाही.

बघायची वेळ महत्त्वाची, आणि नेमकी तीच चुकते. लोक रात्री दहाला बघतात, पोरगं शांत दिसतं, सोडून देतात. मुलांचा श्वास जास्त करून स्वप्नांच्या झोपेत अडतो आणि ती झोप पहाटेकडे वाढत जाते. तेव्हा तीन ते पाचच्या दरम्यान उठा. कापूस वेचायला लवकर निघणाऱ्या घरात कोणी तरी जागं असतंच.

अंगातला सदरा काढून छाती-पोट उघडं ठेवा (थंडीत दोन मिनिटांपुरतंच) आणि हे बघा:

- छाती-पोट हलतं, पण नाका-तोंडातून आवाज आणि हवा येत नाही, असं होतं का? मोठ्या माणसांत दहा सेकंद मोजतात, लेकरांत सलग दोन श्वासांएवढा वेळही पुरेसा आहे.
- थांबल्यानंतर आचका देऊन, गुदमरल्यासारखा श्वास घेतो का?
- श्वास घेताना गळ्याखालचा खड्डा किंवा बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का? पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते का?
- मान मागे टाकून, बसून किंवा उशा रचून झोपतो का?
- कूलर किंवा थंडी असतानाही डोकं घामाने भिजतं का?

> तपासा: आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं असेल, किंवा श्वास एकदाही थांबलेला दिसला असेल, तर पुढच्या टप्प्यावर जा. 'घोरणं मोठं नाही' म्हणून थांबू नका. आवाज किती मोठा यावरून अडथळा किती हे ठरत नाही.

## टप्पा २ : व्हिडिओ असा काढा की डॉक्टरला कळेल

तपासणीच्या खोलीत लेकरू जागं असतं, आणि जागेपणी यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे तुमचा मोबाइल हाच इथे मोठा साक्षीदार.

१. कूलर आणि पंखा दोन मिनिटं बंद करा. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण कूलरच्या घरघरीत घोरणंच ऐकू येत नाही. मी पाहिलेले निम्मे व्हिडिओ असे वाया गेलेले असतात.

२. टॉर्च लेकराच्या डोळ्यांवर मारू नका. दुसऱ्या मोबाइलचा उजेड बाजूच्या भिंतीवर पाडा.

३. चेहरा, गळा आणि पोट एकाच चौकटीत घ्या. नुसत्या चेहऱ्याचा व्हिडिओ अर्धाच उपयोगाचा.

४. दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे काढा, आवाजासकट. मोबाइल हातात न धरता उशीला टेकवून ठेवा.

५. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दबलेला असतो. मूळ व्हिडिओ मोबाइलमध्ये जपा. सोयाबीनच्या भावाचे व्हिडिओ पुसले तरी चालतील.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळाला तर झोपेत लावून बघा. लहान बोटावर तो नीट बसत नसेल तर पायाच्या अंगठ्याला लावा. मेंदी नको, नेलपॉलिश नको, पाय गार नको. नाडीचा आकडा स्थिर झाल्यावरच ऑक्सिजनचा आकडा लिहा. झोपेत तो वारंवार ९० च्या खाली जात असेल, तर तारीख-वेळ लिहून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

> सावधान: दिवसा ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते तर दिसणारच. रात्री ऑक्सिमीटर ठीक दिसला तरी आजार नाही असं सिद्ध होत नाही.

## टप्पा ३ : दिवसाची अर्धं पान नोंद

वही नको, कागदाचं अर्धं पान पुरे. पण बरोबर न्या, कारण डॉक्टरसमोर बसलं की आई-बाप निम्मं विसरतात.

तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का. जेवायला फार वेळ लावतो का, मटण-भाकर टाळून वरण-भातच मागतो का. सकाळी डोकं दुखतं का. बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू झालं का. वर्गात पेंगतो की उलट एका जागी बसतच नाही? थकलेलं लेकरू बऱ्याचदा मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, धिंगाणा घालतं, आणि गुरुजी त्याला 'व्रात्य' ठरवून मोकळे होतात. ऐकायला कमी येतं का, हेही लिहा. ॲडेनॉइडमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं.

अंगणवाडी सेविकेकडून वजन-उंचीच्या नोंदीचा फोटो घ्या. या आजारात काही मुलांचं वजन महिनोन्‌महिने वाढत नाही. उलट लठ्ठ मुलांतही हाच आजार होतो, म्हणून 'चांगलं गुटगुटीत आहे' हा पुरावा नाही.

हृदयाच्या बाजूच्या खुणा वेगळ्या रकान्यात लिहा: धावताना बरोबरीच्या पोरांआधी दम लागणं, पावलं किंवा डोळ्यांखाली सूज, उजव्या बरगडीखाली दुखणं, ओठ निळसर होणं, चक्कर येऊन पडणं. यातली एकही असेल तर खालचे टप्पे क्रमाने चढत बसू नका, थेट बालरोगतज्ज्ञ गाठा.

> १०८ ला लगेच फोन: जागेपणीही छाती आत ओढली जाते, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, लाळ गिळता येत नाही, ओठ निळे पडले, लेकरू सुस्त पडलं. शेंगदाणा, हरभरा किंवा सीताफळाची बी तोंडात असताना अचानक ठसका लागून त्रास सुरू झाला असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा प्रकार आहे. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी खोल जाते.

## टप्पा ४ : कुठे जायचं आणि काय बोलायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. ती येणार असेल तर उत्तम: व्हिडिओ दाखवा आणि संदर्भ चिठ्ठी घ्या. गाडी लांब असेल तर वाट बघू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. पुढची वाट तुमच्या जिल्ह्याप्रमाणे: नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, किंवा वर्ध्याकडची सेवाग्राम आणि सावंगी इथली रुग्णालयं.

बोलताना 'टॉन्सिल आहे' असं म्हणू नका. तसं म्हटलं की गोळ्या मिळतात आणि रांग पुढे सरकते. म्हणा: "झोपेत याचा श्वास थांबतो. हा पहाटे चारचा व्हिडिओ." या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

आधार कार्ड, रेशन कार्ड आणि मुलाचा जन्मदाखला पहिल्याच फेरीत न्या. पुढे टॉन्सिल-ॲडेनॉइड काढायची शस्त्रक्रिया लागली तर ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयात बसते की नाही, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भरती होण्याआधी विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

## टप्पा ५ : कान-नाक-घसा तपासणी

टॉर्च मारून टॉन्सिल दिसतात, ॲडेनॉइड दिसत नाही. ते नाकाच्या मागे लपलेलं असतं. म्हणून 'टॉन्सिल तर लहानच आहेत' हे ऐकून परत फिरू नका. नाकातून दुर्बीण टाकून किंवा मानेचा बाजूने एक्स-रे काढून ते बघता येतं. एक्स-रे काढताना तोंड बंद हवं आणि लेकरू रडत नसावं. रडताना, गिळताना टाळू हलतो आणि फोटो फसतो. लेकराला घरीच 'तोंड मिटून फूल हुंग' असा खेळ शिकवून न्या.

त्रास सौम्य असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइड फवारा काही आठवडे देतात. तो घेण्याची पद्धत जवळपास सगळे चुकतात. डोकं मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने फवारा. नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरा. मारल्यावर जोरात ओढू नका. आणि रोज घ्या. चार दिवसांत फरक नाही म्हणून बाटली कपाटात ठेवली तर तो उपचार झालाच नाही.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेले, नाक 'झटक्यात उघडणारे' थेंब ही निराळी गोष्ट आहे. ते बरेच दिवस घातले की नाक उलट जास्त बंद होतं.

याच काळात चूल आणि लेकराची खाट एका खोलीत ठेवू नका. कुटार भरताना त्याला गोठ्यात नेऊ नका. घरात बिडी नको. याने गाठ जाणार नाही, पण सूज वाढायची थांबते.

> सावधान: रात्री शांत झोपावा म्हणून खोकल्याचं गुंगीचं औषध देऊ नका. अडलेल्या श्वासावर गुंगी म्हणजे संकटाला आवतण. कोडीन असलेलं औषध तर १२ वर्षांखालच्या मुलाला नकोच, आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर १८ वर्षांखाली कोणालाही नको.

## टप्पा ६ : हृदयाची तपासणी, शस्त्रक्रियेच्या आधी

प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला इको लागत नाही. पण पुढच्यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी विचारायचंच: झोपेत ऑक्सिजन बराच उतरतो, टप्पा ३ मधली हृदयाची एखादी खूण आहे, रक्तदाब जास्त निघाला, डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त) आहे, चेहऱ्याची किंवा जबड्याची ठेवण जन्मतः वेगळी आहे, किंवा स्लीप स्टडीत (रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन यंत्रावर मोजायची तपासणी) आजार तीव्र निघाला. स्लीप स्टडी ही सर्वात खात्रीची तपासणी, पण आपल्याकडे ती मोजक्याच ठिकाणी होते. ती मिळाली नाही म्हणून इलाज अडत नाही. व्हिडिओ, रात्रीचा ऑक्सिमीटर आणि तपासणी यांवरही डॉक्टर निर्णय घेतात.

इकोच्या चिठ्ठीवर कारण लिहून घ्या: 'झोपेत श्वास अडतो, फुप्फुसाचा दाब आणि उजवा कप्पा बघावा.' नुसतं 'इको' लिहिलं तर बघणारा बहुधा जन्मजात भोक आणि झडपा बघतो. अहवालात तीन गोष्टी शोधा: फुप्फुसाच्या धमनीतला अंदाजे दाब, उजव्या कप्प्याचा आकार आणि त्याची आकुंचनाची ताकद. ईसीजी आणि छातीचा एक्स-रे सोबत होतात, पण सुरुवातीचा ताण त्यांत सहज निसटतो.

लहान लेकरू इकोला स्वस्थ पडत नाही, मग गुंगीचं औषध द्यायची वेळ येते. तेव्हा तिथल्या माणसाला स्पष्ट सांगा की याचा झोपेत श्वास थांबतो. आवडतं गाणं मोबाइलवर लावून, आईच्या मांडीवर बऱ्याच मुलांचं काम गुंगीशिवाय होतं.

> तपासा: इको नॉर्मल आला? याचा अर्थ हृदय अजून वाचलं आहे एवढाच. श्वास अडतोच आहे. टप्पा ५ चा इलाज थांबवायचा नाही.

## टप्पा ७ : सिकलसेल, आपल्या भागात हे विसरून चालत नाही

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट: घरात कोणाला सिकलसेल (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार) असो वा नसो, मुलाची तपासणी झालेली नसेल तर शस्त्रक्रियेआधी करून घ्या. आधी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी चाचणी. वाहक आणि आजारी यांतला फरक दुसऱ्या चाचणीतच कळतो.

सिकलसेलच्या मुलांत टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढणं आणि झोपेत श्वास अडणं जास्त दिसतं. ऑक्सिजन उतरला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, वाहिन्या तुंबतात आणि दुखण्याचा झटका येऊ शकतो. फुप्फुसाचा दाब वाढायला या आजाराचं स्वतःचं कारणही असतं. अशा मुलाला भूल देण्याआधी शिरेतून पाणी, ऊब, ऑक्सिजन आणि कधी रक्त यांची तयारी लागते. सिकलसेलचं लाल-पिवळं कार्ड घरी पेटीत ठेवून रुग्णालयात जाणारे पालक मी पाहिले आहेत. कार्ड फाइलीत सर्वात वर लावा.

## टप्पा ८ : शस्त्रक्रियेचा दिवस

भूलतज्ज्ञाला स्वतः भेटा आणि चार गोष्टी सांगा: झोपेत श्वास थांबतो, इकोमध्ये काय निघालं, सिकलसेलचा निकाल, आणि गेल्या काही आठवड्यांत सर्दी-ताप झाला का. ताप लपवू नका. तारीख पुढे गेली तर मजुरी बुडते, हे खरं आहे. पण सुजलेल्या श्वासनळीत भूल देणं त्याहून महाग पडतं.

उपाशी ठेवायची वेळ डॉक्टर सांगतील तीच. साधारणपणे जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. आजी मायेने चहा-टोस्ट देते आणि शस्त्रक्रिया रद्द होते. आजीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. उन्हाळ्यात पहिला नंबर मागा.

हे आधीच विचारा: रात्रभर ऑक्सिजन आणि नाडीवर लक्ष ठेवायची सोय आहे का? तीन वर्षांखालचं मूल, तीव्र आजार किंवा हृदयावर आलेला ताण असेल तर त्याच दिवशी घरी न्यायचं नाही. अडथळा निघाला तरी पहिल्या रात्री सूज असते, भुलीचा अंमल असतो, आणि क्वचित फुप्फुसात पाणीही उतरतं. अशा मुलाची शस्त्रक्रिया बालअतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच व्हावी, भले तिथे तारीख पंधरा दिवस उशिरा मिळो.

## टप्पा ९ : घरचे पहिले चौदा दिवस

घशात पांढरट-करडा थर दिसेल. तो पू नाही, खपली आहे, खरवडू नका. तोंडाला वास येईल, कान दुखेल. कान ठीक असतो, दुखणं घशाचं असतं. पाणी, ताक, गार खीर, मऊ खिचडी थोडं थोडं देत राहा. घसा कोरडा पडला की दुखणं वाढतं आणि पोर आणखीच पाणी टाळतं. तिखट, कुरमुरे, चिवडा नको. दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे, लिहून दिलं तेवढंच. ॲस्पिरिन नको.

रक्तस्राव दोन वेळा होऊ शकतो: पहिल्या चोवीस तासांत, आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटताना. दुसरी वेळ लोक विसरतात. 'आता बरा आहे' म्हणून सहाव्या दिवशी आजोळी पाठवतात, जिथून दवाखाना चाळीस किलोमीटर. दोन आठवडे गाडीची सोय असलेल्या जागीच राहा. झोपेत वारंवार काहीतरी गिळतोय असं दिसलं तर दिवा लावून तोंडात बघा. ताजं लाल रक्त किंवा काळपट उलटी दिसली तर सकाळची वाट बघायची नाही.

## टप्पा १० : परत तपासणी

घोरणं थांबलं की फाइल कपाटात जाते, आणि ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. इको आधी बिघडलेला असेल तर डॉक्टर सांगतील त्या महिन्यात, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी, तो पुन्हा काढा. दाब उतरला का, उजवा कप्पा आकाराला आला का, हे कागदावर दिसलं पाहिजे. हृदयासाठी सुरू केलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

काही मुलांत त्रास उरतो: लठ्ठ मुलं, डाउन सिंड्रोमची मुलं, दम्याची आणि ॲलर्जीची मुलं. त्यांना पुढे वजन, फवारा किंवा रात्री मास्क लावून हवा देणारं यंत्र लागू शकतं.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा आणि जुन्या फोटोशेजारी ठेवून बघा. सहा महिन्यांनी, सर्दी नसलेल्या एका रात्री, पुन्हा पहाटे चारला उठा. कूलर बंद करा, मोबाइल उशीला टेकवा, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि जुन्या व्हिडिओशी ताडून बघा. गळ्याखालचा खड्डा अजूनही आत ओढला जात असेल, तर दोन्ही व्हिडिओ घेऊन टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करा.